ॲसिडला फेस आला नाही

सांगोल्याकडं ड्रीप तुंबलं की आम्ही फिटर मंडळी बघायच्या आधीच सांगून मोकळे होतो: बोअरचं पाणी जड, क्षार बसला. तात्यांच्या हस्त बहाराच्या (सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणाऱ्या) एकरभर डाळिंबातही मी तेच म्हणालो.

फळं तडकत होती, पण ओळींच्या शेवटालाच. तीनशे झाडं, झाडाला ताशी ४ लिटरचे चार ड्रीपर. एका ड्रीपरखाली ६ मिनिटं डबा धरला तर ४०० मिली पाणी भरायला हवं. ओळीच्या तोंडाला ३८० भरलं, शेवटाला ११०. फिल्टरच्या अलीकडं-पलीकडं दाबात ०.२ किलोचाच फरक, लॅटरलच्या (ड्रीपर बसवलेल्या ओळीतल्या नळीच्या) टोकाला पुरता १ किलो दाब. म्हणजे पाणी पोचत होतं, ड्रीपर सोडत नव्हता.

ड्रीपर उघडला. आत पांढरा लगदा. त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. चुन्याचा क्षार असता तर फसफसला असता. लगदा मुकाट विरघळला.

"तात्या, खत कसं सोडता?"

"कॅल्शियम नायट्रेट आन् झिरो बावन्न चौतीस एकाच ड्रममधी. लाईट रातीची, दोनदा कोण उठंल?"

झिरो बावन्न चौतीस म्हणजे फॉस्फेट-पोटॅशचं विद्राव्य खत. कॅल्शियम आणि फॉस्फेट ड्रममध्येच एकमेकांना धरतात, त्याचा साका होतो. बारीक साका जाळीतून निसटतो आणि पाण्याचा वेग मंदावतो तिथं, ओळीच्या शेवटी, बसतो. दोन्ही पिशव्या एकाच काउंटरवरून विकणाऱ्याला हे सांगायला किती वेळ लागला असता? आणि रात्रीच्या लाईटला तात्यांनी दोन वेळा खत सोडावं, हे सांगणं तरी आम्हाला सोपंच.

१० लिटर पाण्याचा सामू (pH) ४ वर आणायला ७ मिली ॲसिड लागलं (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही). १५ मिनिटांच्या १,२०० लिटर पाण्याला ८४० मिली. व्हेंच्युरीतून (वाहत्या पाण्याच्या ओढीनं खत-ॲसिड नळीत खेचणाऱ्या साधनातून) सोडलं, २४ तास नळ्यांत ठेवलं, मग मेन, सबमेन, लॅटरल याच क्रमानं टोकं उघडून धुतलं. ओळीच्या शेवटाला डब्यात ३७० भरलं.

खरी अडचण तिथून सुरू झाली. तहानलेल्या फळाला एकदम पोटभर पाणी मिळालं की सालीपेक्षा दाणा वेगानं फुगतो आणि फळ उलतं. म्हणून शेवटच्या झाडांचे चारातले दोन ड्रीपर आठवडाभर बंद ठेवायला सांगितले. तरी काही फळं तडकलीच. आधी एकच ड्रीपर चालू ठेवायला हवा होता का, हे अजून ठरत नाही.