कोणाचा रे तू?

माझं पारोळ्याला खत-बियाण्यांचं दुकान आहे. कापसाच्या सीझनात एका कंपनीची स्कीम पूर्ण झाली आणि बक्षीस म्हणून पाच दिवसांची थायलंड टूर लागली. आमच्या धंद्यात यात नवल काही नाही. आधी अंगठी द्यायचे, मग फ्रिज, आता पट्टाया. डीलर एकटाच न्यायचा, जोडीनं नाही. का, ते कोणी विचारत नाही. घरच्या बायकासुद्धा नाही.

आम्ही अडतीस जण होतो. बोटीतून बेट बघून झालं, देऊळ झालं, इंडियन हॉटेलात गोडसर पनीर खाऊन शेवभाजीची आठवण काढून झाली. तिसऱ्या रात्री गाइड हिंदीत म्हणाला, "अब वॉकिंग स्ट्रीट. करना कुछ नहीं, सिर्फ देखना है." सगळ्यांना केवढा धीर आला! फक्त बघायचंय. मीही तेच म्हणत गेलो.

संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर गाड्या बंद असतात. दोन्ही बाजूंनी लाल-निळ्या पाट्या, कानठळ्या बसतील असं संगीत, आणि प्रत्येक दारात पोरी ओळीनं उभ्या. काहींच्या कमरेला नंबराचे बिल्ले. आमच्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "सतरा नंबर देख रे भो." सगळे हसले. मराठी-अहिराणी तिथं कोणाला कळणार, म्हणून जास्तच मोठ्यानं.

मला एकदम सारंगखेडा आठवलं. दत्तजयंतीला तिथं तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, आणि घोडा घेणारा आधी दात बघतो, मग चालवून बघतो. त्याच यात्रेत तमाशाचे फडही यायचे. मी आठवीत होतो, मामाकडे राहून यात्रेला गेलेलो. आम्ही चार पोरं रात्री तंबूच्या मागच्या कनातीला डोळा लावून उभी होतो. आत बायका वेण्या घालत होत्या, एक जण मुलाला भाकरीचा तुकडा भरवत होती. बस, एवढंच. (फडातल्या बाया कलावंत, तो धंदा वेगळा. हे मला आज कळतं. तेव्हा आमच्या डोळ्यांना फरक नव्हता.) तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या बाईनं माझी मानगूट धरली. मारलं नाही. फक्त विचारलं, "कोणाचा रे तू? बाप काय करतो?" मी पळालो तो थेट मामाच्या ओट्यावर येऊन थांबलो.

पट्टायात हा प्रश्न विचारणारं कोणी नाही. "व्हेअर फ्रॉम?" विचारतात. इंडिया म्हटलं की झालं. गाव नाही, आडनाव नाही, बाप नाही. आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांतही अशी एखादी गल्ली असते. तिथून जाताना आम्ही मोटरसायकलचा वेग वाढवतो, मान वळवत नाही. ओळखीचा कोणी बघेल ही भीती असतेच, पण आतली बाई शेजारच्या गावची निघेल ही जास्त. विमानाच्या तिकिटानं ही दुसरी भीती तेवढी काढून टाकली.

मी एका बारमध्ये टेकलो. पाय दुखत होते, हे खरं कारण. एक मुलगी शेजारी येऊन बसली, "लेडी ड्रिंक" म्हणाली. तो पेला नेहमीपेक्षा महाग असतो आणि त्यातला वाटा तिला मिळतो. मला दुसरं काय बोलावं सुचेना, म्हणून मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, गावाकडे काय पिकतं? ती इसानची, म्हणजे थायलंडच्या ईशान्येकडची. तिकडून खूप मुली येतात. कोरडवाहू मुलूख आहे. तिचा बाप भात आणि साबुदाण्याचा कंद लावतो. पडद्यावर पुढची ओळ उमटली: यंदा भाव नाही. आमच्या दुकानातल्या बाकावर दिवसातून दहा वेळा ऐकतो तेच वाक्य. मी हसलो, तीही हसली.

बाहेर आल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. हे सगळे बिल्ले बघत बसले, मी शेतीचं बोललो! ते कौतुक आठवडाभर टिकलं. मग लक्षात आलं, हा किस्सा मी दुकानात किमान वीस जणांना सांगितलाय. एका पेल्याच्या पैशात तिच्या बापाची शेती उचलून आणली आणि बाकावर वाटली. आता इथं पुन्हा लिहितोय, तेही आहेच.

नंतर थोडं वाचलं. पट्टाया मुळात कोळ्यांचं गाव. व्हिएतनाम युद्धात जवळच्या ऊ-तापाओ तळावरचे अमेरिकन सैनिक सुट्टी घालवायला यायला लागले आणि गावाचं हे झालं. कायद्यानं तिथं वेश्याव्यवसायाला बंदी आहे, 1996 चा कायदा आहे. ॲम्स्टरडॅमला उलट: 2000 साली कुंटणखान्यांवरची बंदी उठली. पुतण्या नोकरीनिमित्त नेदरलँड्सला असतो, तो फोनवर म्हणाला, "काका, इथे धंदा चालतो, पण खिडक्यांपुढून गाइडच्या टूर नेणं 2020 पासून बंद केलंय." गर्दी करून बघायचं, दात काढायचे, फोटो घ्यायचे. बाया वैतागल्या होत्या, गिऱ्हाईकही गर्दी बघून मागे फिरत. मला ते पटलं. गिऱ्हाईक निदान पैसे देतं आणि आपण गिऱ्हाईक आहोत हे त्याला माहीत असतं. आमच्यासारखे अडतीस जण फुकट बघणार आणि वर सोज्वळही राहणार. कोणती आपखुशीनं उभी आहे आणि कोणाला कोणी आणून उभी केलीय, हे बघून कळतं थोडंच? आपल्या सुप्रीम कोर्टानं मे 2022 मध्ये धाडीत सापडलेल्या बायांचे फोटो आणि ओळख उघड करू नये, असं पत्रकारांसाठी सांगितलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मात्र असं कोणी काही सांगत नाही.

त्या ग्रुपवर टूरचे दोनशे फोटो पडले. आमचा मापाडी, वय वीस, रोज विचारायचा, "शेठ, मंग काय देखं तठे?" त्याला दाखवले नाहीत. पण मोबाइल घरात पडलेला असतो. एका रात्री भांडी आवरून बायको तो घेऊन बसली.

"अहो, ही कोण?"

फोटो आमच्या रांगेचा होता. सगळे गॉगल लावून, रात्री. मागे कोपऱ्यात एक मुलगी. बायकोनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मुलीनं तळहात चेहऱ्यापुढे धरलेला, बोटांच्या फटीतून एक डोळा थेट आमच्याकडे.

"हिला फोटो नको होता. तुम्हाला कोणाला दिसलं नाही?"

मी म्हटलं, गर्दी होती. ती काही बोलली नाही, मोबाइल माझ्या हातात देऊन दिवा मालवायला उठली. फोटो मी तेव्हाच काढून टाकला. माझ्या मोबाइलमधून.