35 अंशातले 8.2 ब्रिक्स

आमच्या वरुड भागात संत्र्याच्या मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलांच्या फळांचा) तोडा मार्चपर्यंत चालतो. यंदा मजूर वेळेवर आले, पिकअप मिळाली, क्रेट भरले. घोडं अडलं ते थेट संकलन केंद्राच्या टेबलापाशी.

अट नऊ ब्रिक्सची, म्हणजे रसात साधारण नऊ टक्के साखर. तिथल्या पोरानं संत्रं पिळलं, गोडी मोजायच्या मशीनच्या, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब सोडले, डोळा लावला. "आठ पॉइंट दोन, भाऊ. माल नाही बसत."

सकाळी गारव्यात घरच्या मशीनवर हाच माल नवाच्या वर होता. विचारलं, "झिरो कधी केलं होतं? पाणी टाकून आकडा शून्यावर कधी आणला?" म्हणे, सकाळी आल्या आल्या. आता दुपारचे दोन, वर टिनाचं शेड, खांबावरच्या थर्मामीटरमध्ये 35.

ही मशीन 20 अंशाला बेतलेली असते. रस तापला की त्यातून उजेड कमी वळतो. साखर तेवढीच, पण आकडा खाली उतरतो. 30 अंशाला साधारण पाऊण ब्रिक्स मिळवावा लागतो, 35 ला एकाहून थोडा जास्त, 40 ला दीडच्या वर. म्हणजे माझे 8.2 खरे तर 9.3 च्या आसपास.

पोरगा म्हणाला, "फॉर्मवर तापमानाचा रकानाच नाही." साहेब जेवायला गेलेले. जेवून आले तर म्हणाले, आजवर कोणी तक्रार केली नाही. नागपूरला फोन लावला, तिकडे कोणी उचलेना. "संध्याकाळपर्यंत थांबा." इकडे उन्हात क्रेट तापत होते, आणि माझं डोकंही!

शेवटी ड्रायव्हरला बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणायला पाठवलं. बाटली त्याच टेबलावर अर्धा तास ठेवली. मग रस धुवून, काच कोरडी पुसून तेच पाणी टाकलं. मशीनमध्ये दिसणारी निळ्या-पांढऱ्याची रेघ शून्यावर यायला हवी. ती शून्याच्याही खाली गेलेली. साहेबांनी पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. "हे तर मायनसमध्ये चाललं." त्यांनीच पेचकसानं स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणली. पुन्हा त्याच मालाचा रस टाकला: 9.3.

पावती झाली. वर सल्ला मिळाला, "माल सकाळी आणत जा."

साध्या मशीनला हाच उपाय: रस आणि पाणी एकाच तापमानाचं ठेवून तिथल्या तिथे झिरो करा. मग वरचा हिशोब पुन्हा मिळवू नका, दुरुस्ती दोनदा होते. बोअरचं पाणी चालत नाही, त्यात क्षार असतात. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, रस काचेच्या तापमानाला येऊ द्या. एटीसीवाली, म्हणजे तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारी मशीन घेतली म्हणून निश्चिंत होऊ नका. तिच्या आतली धातूची पट्टी बहुतेक मॉडेलमध्ये 10 ते 30 अंशांपर्यंतच सांभाळून घेते. मार्चच्या दुपारी आपलं शेड त्याच्या बाहेर. तिचं झिरो 20 च्या जवळपास, सकाळीच करून ठेवा.

हो, आणि एका संत्र्यावर निकाल लावू देऊ नका. वेगवेगळ्या क्रेटमधली पाच-सहा पूर्ण पिळून रस एकत्र करायला लावा. केंद्रावरचे कुरकुरतात, कुरकुरू द्या. फॉर्मवर तापमानाचा रकाना अजूनही नाही, तेव्हा आकड्याशेजारी तापमान पेनानं लिहून घ्या आणि खाली सही मागा.