हिरोभोवतीचा राखाडी चौकोन

कामाच्या कागदावर दोनच ओळी होत्या. सध्याचा एचडी मास्टर (ज्यावरून प्रती काढतात ती पक्की व्हिडिओ प्रत) घ्या, फोरकेला वाढवा, नॉइज काढा, एचडीआर (जास्त उजेड दाखवणारं चित्र) करून द्या. मुदत कमी आणि बजेट त्याहून कमी. चित्रपटाचं नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले.

नाव इथं सांगता येत नाही, करारात तसं कलम असतं. एवढं सांगते की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा सुपरहिरोपट आहे. रबरी पोशाखातला नायक, पाठीवर केप, आणि जवळजवळ सगळा चित्रपट रात्री घडणारा. चित्रपटगृहांत कधी आला नि कधी उतरला ते फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग व्हीएचएस निघाली, पुढे एक डीव्हीडी. तीसुद्धा अशी की वरखालच्या काळ्या पट्ट्या चित्रातच छापलेल्या. आजच्या रुंद टीव्हीवर लावली की चारही बाजूंनी काळं आणि मधे पोस्टकार्डाएवढा चित्रपट. चाहते मूठभर, पण चिवट. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या कंपनीला 'नीट डिस्क काढा हो' म्हणून वर्षानुवर्षं लिहीत राहिलेले. मी कधी लिहिलं नाही, पण माझं म्हणणं तेच होतं.

या चित्रपटाबद्दल बोलताना लोक एक वाक्य हमखास बोलतात: कल्पना चांगली होती, पण इफेक्ट्स फारच स्वस्तातले. हे माझंही मत होतं. छपरावरच्या उडीच्या प्रसंगात नायकाभोवती राखाडी चौकोन दिसतो, तो त्याच्याबरोबर हवेतून सरकतो, आणि पाठीतून वर गेलेली तार चमकते. लोक त्यावर हसतात, मीही हसले आहे.

मी जुने चित्रपट दुरुस्त करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. स्कॅन तपासायचे, मास्टर तपासायचे, ग्रेडिंगला, म्हणजे चित्राचे रंग-उजेड ठरवायला, बसलेल्या सरांना फ्रेमा काढून द्यायच्या. तेव्हा पहिलं काम म्हणजे तो 'सध्याचा एचडी मास्टर' लावून बघणं. निघाला एचडीकॅमच्या टेपवरचा. या फॉरमॅटचं दुखणं आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नावाला 1920 बाय 1080, पण टेपवर आडवे 1440 पिक्सेलच उतरतात, आणि रंगाची माहिती तर आडवी 480 एवढीच. त्यात आठ बिट, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या, आणि त्याही सगळ्या वापरायला मिळत नाहीत. हे फोरकेला, म्हणजे 3840 बाय 2160 ला ताणायचं. वर नॉइज काढायचा, म्हणजे फिल्मचा दाणा पुसायचा, म्हणजे नटाचे गाल मेणाचे करायचे. अशा डिस्का बाजारात पुष्कळ आहेत. वेष्टनावर फोरके लिहिलेलं असतं, आणि ते खोटं आहे असंही म्हणता येत नाही, कारण पिक्सेल मोजले तर तेवढे भरतात.

त्या टेपवर रात्र नव्हतीच. आकाश दुधी राखाडी, सावल्या उचललेल्या, पोशाख जुन्या टायरच्या रंगाचा. ज्यानं हे फिल्मवरून टेपवर ट्रान्सफर केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. त्या काळात टीव्ही दिवे लावलेल्या खोलीत बघितला जाई, पडदा काचेचा, आणि 'काही दिसतच नाही' ही तक्रार ठरलेली. वरून सांगितलं गेलं असणार, रात्र उजळा. त्यानं उजळली.

एवढ्यावर काम सुरू होऊन संपलंही असतं. पण आवाजासाठी आम्ही मूळ मिक्सचा मॅग्नेटिक ट्रॅक, म्हणजे आवाजाची चुंबकीय फिल्म, मागवला होता, आणि गोदामवाल्यांनी त्या नावावर जे जे होतं ते सगळं गाडीत घालून पाठवलं. मॅग्नेटिकच्या डब्यांना व्हिनेगरचा भपकारा येत होता. अ‍ॅसिटेट (फिल्मच्या पट्टीचं प्लास्टिक) सडू लागलं की तो येतो, आणि मॅग्नेटिकवरच्या लोहामुळे सडणं आणखी वेगानं होतं. ते डबे तातडीनं बाजूला काढताना त्यांच्याखाली दुसरे सापडले. लेबलावर ओरिजिनल कॅमेरा निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म. सगळी रिळं.

सर म्हणाले, "उघड. पण उभ्यानं नको, टेबलावर ठेवून उघड."

तिसऱ्या रिळाच्या डब्यात झाकणाला चिकटून घडी घातलेला कागद होता. कडा गंजानं तांबूस झालेल्या, घडीवर फाटायला आलेला. मी चिमट्यानं तो सोडवला. आडव्या रकान्यांत प्रत्येक शॉटचा नंबर, फूट आणि फ्रेम, आणि पुढे तीन-तीन आकडे. टायमिंग शीट. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना प्रत्येक शॉटला लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती द्यायचा त्याचा हिशेब. हे आकडे, म्हणजे पॉइंट, 1 ते 50 या पट्टीत असतात, पंचविशीच्या आसपास मधली जागा. निगेटिव्हमधून जितका जास्त प्रकाश जाईल तितकी प्रिंट काळी होते, नव्या माणसाला हे नेहमी उलटं वाटतं. दिवसाच्या शॉटांचे आकडे सव्वीस-सत्तावीसला होते. छपराचा प्रसंग सुरू झाला आणि आकडे एकदम चाळिशीकडे गेले. उडीच्या शॉटपुढे 39, 41, 42. समासात पेन्सिलीनं शेरा होता, अजून काळं करायचं असा.

सर तो कागद बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बारा पॉइंट म्हणजे एक स्टॉप. यांनी रात्र एक स्टॉप खाली छापली होती, आणि टेपवाल्यानं ती वर खेचली."

एका स्टॉपचा फरक म्हणजे अर्धा प्रकाश. आणि तो याच प्रसंगात का, हे समजायला असे शॉट तेव्हा कसे बनत ते बघावं लागतं. संगणक यायच्या आधी नायक निळ्या पडद्यासमोर तारेवर टांगून चित्रित करत, शहर वेगळं चित्रित करत, आणि दोन्ही ऑप्टिकल प्रिंटरवर एकाच फिल्मवर पुन्हा फोटो काढून जुळवत. नायकाभोवतीचा नको असलेला भाग, म्हणजे दिवे, स्टँड, तार ओढणारी माणसं, हे सगळं एका ओबडधोबड मॅटनं, म्हणजे काळ्या झाकणानं, झाकत. झाकलेल्या भागातलं काळं आणि मूळ शहराच्या आकाशाचं काळं तंतोतंत सारखं नसे. प्रिंट पुरेशी गडद काढली की दोन्ही काळ्यात बुडून जात आणि कुणाला काही दिसत नसे. इफेक्ट्सवाले याच भरवशावर काम करत. व्हिडिओवर रात्र उचलली की झाकण उघडं पडतं. 'स्टार वॉर्स'च्या जुन्या व्हीएचएसवर शत्रूच्या विमानांभोवती असेच चौकोन दिसत, आणि त्या इफेक्ट्सना तर ऑस्कर मिळालेलं आहे. फरक इतकाच की ते लोकांनी आधी पडद्यावर पाहिले होते. आमचा चित्रपट जवळजवळ सगळ्यांनी टेपवरच पाहिला.

टेस्ट स्कॅन कागदावर मंजूर नव्हता. सर म्हणाले, एक शॉट कर, बिलाचं मी बघतो. उडीचा शॉट आणि आगेमागे थोडं, फुल अ‍ॅपर्चर (फिल्मची अख्खी चौकट) 4096 बाय 3112, दहा बिट लॉग, म्हणजे उजेड स्टॉपांच्या सारख्या पायऱ्यांत मोजणारा. एकेक फ्रेम पन्नास एमबीच्या वर. शंभर मिनिटांचा चित्रपट धरला तर 1,44,000 फ्रेमा, म्हणजे सात टीबीपेक्षा जास्त. कंपनी टेपवरून काम उरकायला का बघत होती ते यावरून कळतं.

शीटचे आकडे तसेच्या तसे घालून चालत नाही. त्या लॅबचं मशीन वेगळं, त्यांचं पंचवीस म्हणजे नेमकं किती हे आधी ठरवावं लागतं. रिळाच्या सुरुवातीच्या लीडरवर, म्हणजे चित्र सुरू होण्याआधीच्या पट्टीवर, लॅबनं जोडलेली कंट्रोल फ्रेम मिळाली, बाईचा चेहरा आणि शेजारी करड्या रंगाची पट्टी. तिच्यावरून शून्य पक्कं केलं. पुढचं गणित सोपं. एक पॉइंट म्हणजे 0.025 लॉग एक्स्पोजर, आणि लॉग स्कॅनवर ती नुसती बेरीज-वजाबाकी होते. वरून प्रिंट स्टॉकचा लट, म्हणजे प्रिंटच्या फिल्मसारखे रंग दाखवणारा तक्ता, लावला आणि सरांनी खोलीतला दिवा घालवला.

चौकोन नव्हता.

मी फ्रेम पुढे-मागे केली, झूम केला. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडला तेव्हा खालच्या टोकाला दोन काळे वेगवेगळे दिसले, पण डोळ्याला नाही. तार केपच्या घडीत शिरल्यावर संपत होती. आणि पोशाख मुळात राखाडी नव्हताच. तो गडद जांभळट तांबडा होता, छातीवर बारीक खवल्यांची वीण, खालच्या रस्त्यावरच्या निऑनचा हिरवा उजेड त्या खवल्यांच्या फक्त कडांवर. या वीणेसाठी कुणीतरी महिनोन् महिने खपलं असेल. टेपच्या 480 पिक्सेलांत तिचा लगदा झाला होता. ऑप्टिकलमुळे हा शॉट आजूबाजूच्या शॉटांपेक्षा थोडा मऊ आणि दाणेदार होता, तो तसा असणारच.

दुपारी कंपनीच्या माणसाशी व्हिडिओ कॉल होता. प्रॉडक्ट बघणारे गृहस्थ, स्वभावानं चांगले, पण डोक्यात एचडीआर पक्का बसलेला. "लोक हजार निटचा टीव्ही घेतात तो उजेडासाठी. तुम्ही मला अंधार दाखवणार?"

मी सांगायला लागले की चित्रपटगृहातला पडदा पन्नास निटच्या (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) आसपासच असतो, जुन्या मापात 14 फूट-लँबर्ट म्हणजे 48 निट, आणि हा चित्रपट त्या उजेडासाठी छापलेला आहे. त्यांनी मान डोलावली, पटल्यासारखं काही दिसेना. सरांनी मला खुणेनं थांबवलं आणि कसलीही ओळख न देता दोन्ही क्लिपा एकामागून एक लावल्या.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग गृहस्थ म्हणाले, "हे इफेक्ट्स नव्यानं केलेत का? त्याचे पैसे आम्ही मंजूर केलेले नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो."

सरांचं हसू कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून ते खाली वाकून पेन शोधायला लागले. मी सांगितलं की एक पिक्सेलही रंगवलेला नाही, मूळचं जसं छापलं होतं तसं आहे. त्यांचा विश्वास बसेना. टायमिंग शीट कॅमेऱ्यासमोर धरली, आकडे वाचून दाखवले. मग त्यांनी शेजारच्या कुणाला तरी बोलावलं, क्लिपा पुन्हा लावायला सांगितल्या. नंतर आणखी कुणाला तरी.

पुढचं पटापट सांगते. निगेटिव्हवरून पूर्ण स्कॅन मंजूर झाला. जिथं निगेटिव्ह फाटलेलं होतं तेवढ्या फ्रेमा इंटरपॉझिटिव्हवरून, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या प्रतीवरून, घेतल्या. एचडीआर झाला, पण निऑन आणि स्फोट यांच्यापुरता. रात्र जिथं होती तिथंच ठेवली. मॅग्नेटिक वेळेत उतरवता आला, त्यामुळे मूळचा स्टीरिओ मिक्स डिस्कवर आहे. कंपनीला फक्त नवा 5.1, म्हणजे सहा चॅनेलचा मिक्स, हवा होता, ज्यात बंदुकांचे आवाज आजचे भरले होते. दोन्ही ठेवा म्हटल्यावर विशेष भांडण झालं नाही.

भांडण झालं ते तारांवरून, तेही माझं आणि सरांचं. दिवसाच्या एका प्रसंगात नायक कारखान्याच्या भिंतीवरून उतरतो. तिथं कुठली रात्र मदतीला येत नाही, आणि निगेटिव्हच्या स्कॅनवर तार स्वच्छ दिसते. सरांचं म्हणणं, असेल ती राहू दे, तेव्हाच्या माणसांचं काम आहे. माझं म्हणणं, प्रिंट निगेटिव्हपासून कित्येक पिढ्या खाली असते, तिथं ही तार दिसतच नव्हती. आज ती दाखवणं म्हणजे तेव्हा नसलेली चूक त्यांच्या माथी मारणं. शेवटी एका फिल्म अर्काइव्हमधून त्या रिळाची प्रिंट मागवली आणि पडद्यावर लावून पाहिली. दोन शॉटांत तार दिसली नाही, ती पुसली. एकात प्रिंटवरही अंधूक दिसली, ती ठेवली. यावर चाहते आम्हाला दोन्ही बाजूंनी शिव्या घालतील, त्याला इलाज नाही.

असे दुर्लक्षित चित्रपट पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचं निगेटिव्ह मॅग्नेटिकच्या डब्यांखाली सापडत नाही. 'बॅटमॅन: मास्क ऑफ द फँटॅझम' 1993 मध्ये चित्रपटगृहात पडला, व्हिडिओवर त्याला लोक मिळाले, तरी ब्लू-रे निघायला 2017 आणि फोरकेला 2023 उजाडलं. ज्यांचं नाव मोठं नाही त्यांच्या वाट्याला टेपवरून ताणलेली आवृत्ती येते, आणि तीही खपली नाही की 'बघा, मागणीच नाही' हा निकाल तयारच असतो. माझ्या मते कमेंटरी, मेकिंग, जाड खोका हे सगळं नंतर. आधी एकदा रात्र काळी करून दाखवा.

गेल्या आठवड्यात वेष्टनाचा मजकूर तपासायला आला. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "आता प्रत्येक प्रसंग पूर्वी कधी नव्हता इतका उजळ!" मी ती ओळ लाल करून परत पाठवली, खाली कारणही लिहिलं. उत्तर आलं, चित्र तुमच्याकडे, वेष्टन मार्केटिंगकडे.