बॉन्डायचं शांत पाणी

सिडनीला निघायच्या आदल्या आठवड्यात नणंदेने 2009 सालची आठवण काढली. त्या वर्षी मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना मारहाण झाली होती आणि सिडनीच्या हॅरिस पार्क या उपनगरातही आपली पोरं चिडून रात्री रस्त्यावर उतरली होती. माझी भाची राहते ती नेमकी हॅरिस पार्कातच! मग काय, पासपोर्टला कापडी पिशवी शिवली, बांगड्या लॉकरमध्ये ठेवल्या आणि 2019 च्या फेब्रुवारीत जीव मुठीत धरून मी उतरले.

हॅरिस पार्कात पाहते तर डोसे, पान आणि लग्नाच्या घागऱ्यांची दुकानं. पुण्यात माझ्या कानावर पडत नाही इतकं गुजराती आणि पंजाबी तिथे ऐकलं. भाचीने पिशवी बघितली आणि कपाळावर हात मारला. "मावशी, एवढं घाबरायचं असेल तर योग्य गोष्टींना तरी घाबर."

तिच्या मते योग्य गोष्टी म्हणजे काय, ते हळूहळू कळत गेलं. रात्रीच्या लोकलमध्ये गार्डच्या कॅबिनजवळच्या डब्यात बसायचं. बाहेर निळा दिवा असतो, तो बघून चढायचं. आपल्याकडे लेडीज डबा शोधतो तसंच. मध्यरात्रीनंतर गाड्या थांबतात आणि नाइटराइडच्या बस धावतात, म्हणून परतीची गाडी आधीच बघून ठेवायची. शहराच्या मध्यभागी दारूच्या अड्ड्यांवर तेव्हा 2014 पासूनचे निर्बंध होते, रात्री दीडनंतर नव्या माणसाला आत घेत नसत. तरी शुक्रवारी रात्री तिथे रेंगाळायचं कारण नाही. अडचण आली तर 000 फिरवायचा. तातडीचं नसेल, पर्स हरवण्यासारखं काही असेल, तर पोलिसांचा 131 444. आणि प्रवास-विम्याचा कागद फोनमध्ये हवाच. आपल्या देशाशी त्यांचा आरोग्यसेवेचा करार नाही, साध्या ॲम्ब्युलन्सचंही बिल हातात येतं.

रस्त्याची गंमत वेगळी. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे मान कुठे वळवायची हा गोंधळ नाही. पण हात दाखवून गाड्यांसमोर शिरायची पुणेरी कला तिथे चालत नाही. सिग्नलच्या खांबावरचं बटण दाबायचं आणि संथ टिकटिक वेगाने वाजायला लागेपर्यंत गप्प उभं राहायचं. रस्ता रिकामा असताना लाल माणसाकडे बघत उभं राहणं मला शेवटपर्यंत जड गेलं.

विषारी कोळ्यांची भीती मात्र भाचीने एका वाक्यात संपवली. सिडनीच्या फनेल-वेब कोळ्याचं विष जीवघेणं असतं, पण 1981 साली त्यावरचं औषध आलं आणि त्यानंतर त्याच्या चाव्याने कोणी दगावल्याची नोंद नाही. बागेत ठेवलेले बूट झटकून घाल, झालं. त्यापेक्षा फोन सांभाळ, म्हणाली. "टॅक्स ऑफिसातून बोलतोय, दंड भरा नाहीतर अटक होईल, दुकानातून गिफ्ट कार्डं आणून त्यांचे नंबर सांगा" असे फोन नवख्या भारतीयांना हमखास येतात आणि शिकलेली मुलंही फसतात.

एवढी तालीम झाल्यावर ती कामावर गेली आणि मी मंगळवारी एकटीच बॉन्डायच्या समुद्रकिनाऱ्यावर निघाले. बॉन्डाय जंक्शनपर्यंत ट्रेन, पुढे 333 नंबरची बस. आभाळ भरून आलेलं, वारा गार, गर्दी बेताची. दक्षिणेच्या टोकाला, उतरले तिथून सगळ्यात जवळचा कोपरा गाठला. दूर उत्तरेकडे लाल-पिवळे झेंडे होते आणि माणसं त्यांच्यामध्ये लाटांत धडपडत होती. माझ्यासमोर मात्र लाटा फुटतच नव्हत्या. गडद हिरवं, गुळगुळीत पाणी. म्हटलं, आपल्यासारख्या न पोहणाऱ्या बाईला देवानेच जागा राखून ठेवलीय. सलवार दुमडली आणि गुडघ्यापर्यंत शिरले.

तळव्याखालची वाळू सरकायला लागली. दोन पावलं आणखी पुढे गेले असेन, तेवढ्यात शिट्टी. निळ्या शर्टातला जीवरक्षक वाळूवरून गाडी दामटत आला आणि हातवारे करून मला मागे बोलावलं. ओरडला नाही. शेजारी उभा राहून बोट दाखवलं. डावीकडे पांढरी लाट फुटतेय, उजवीकडेही फुटतेय, मध्ये एक काळपट पट्टा. त्या पट्ट्यावर फेसाचा एक पुंजका होता, आणि तो किनाऱ्याकडे यायचं सोडून उलटा समुद्राकडे चालला होता. सावकाश, पण न थांबता.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी जिथून परत जातं ती ही वाट. खोल असते म्हणून तिथे लाट फुटत नाही, आणि म्हणूनच ती शांत दिसते. गणपतीपुळ्याला "पाण्याला ओढ आहे" म्हणतात ती हीच. या कोपऱ्यातल्या प्रवाहाचं नावच 'बॅकपॅकर्स रिप', म्हणजे पाठपिशवीवाल्या पाहुण्यांची ओढ, असं आहे, कारण बसमधून उतरलेले पाहुणे सरळ इथेच येतात! धोक्याच्या दहा गुणांत किनाऱ्याच्या उत्तर टोकाला 4 मिळालेत आणि दक्षिण टोकाला 7. याच बॉन्डायवर 6 फेब्रुवारी 1938 ला लाटांनी शेकडो माणसं आत ओढली. अडीचशेच्या आसपास वाचवली, पाच जण गेले. प्रवाहात सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, दम संपतो. तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचं.

संध्याकाळी आंघोळीला बसले आणि मानेवर पाणी पडताच किंचाळले. ढगाळ हवा म्हणून टोपी घरीच ठेवली होती. पायांवर चपलेच्या पट्ट्यांची नक्षी उमटलेली. ऊन लागल्याचं दिवसभर जाणवलंही नव्हतं. सावळ्या कातडीला काय होतंय, हा माझा आणखी एक भ्रम. तिथे हवामानासोबत अतिनील किरणांचा आकडाही सांगतात, 3 किंवा त्याहून जास्त झाला की मलम लावायचं, आणि उन्हाळ्यात तो सहज 11 ओलांडतो. ढग असले तरीही.

रविवारी भाचीला घेऊन पुन्हा गेले. या वेळी लाल-पिवळ्या टोप्यांतले स्वयंसेवक होते, आणि झेंडे मंगळवारच्या जागेवरून बरेच सरकवलेले. पोहायला सुरक्षित जागा समुद्र बघून रोज ठरवतात आणि झेंडे तिथे लावतात. तिकडे चालत असताना दक्षिणेच्या कोपऱ्यात एक कुटुंब चादर पसरताना दिसलं. ठेपल्यांचा डबा, दोन लहान मुलं, धोतरातले आजोबा. राहवेना. जवळ जाऊन म्हटलं, बच्चों को यहाँ मत उतारिए, उधर झेंडों के बीच ले जाइए.

आजोबांनी झेंड्यांकडे बघितलं, मग समोर बघितलं. "बेन, उधर तो कितनी लहरें हैं. यहाँ देखो, पानी कितना शांत है."

मी त्यांच्या चादरीवर बसले आणि फेसाचा पुंजका शोधायला लागले.