कोरियाची लढाई, आपले थोरात साहेब आणि दोन दारांचा तंबू

माझी भाची कोरियन सिरीयल खूप बघते, आणि परवा तिने विचारलं की मावशी, त्यांच्याकडे प्रत्येक हिरोला मधेच आर्मीत का जावं लागतं. म्हटलं अगं त्यांची लढाई कागदावर संपलेलीच नाहीये. २७ जुलै १९५३ ला फक्त युद्धविराम झाला, शांतता करार आजपर्यंत झालेला नाही. तिला खरंच वाटेना. आमच्या इंदूरपासून महूची लष्करी छावणी इतकी जवळ, ओळखीत कोणी ना कोणी फौजेतलं असतंच, पण गप्पा निघाल्या की ६२, ६५, ७१ आणि कारगिल, बस. कोरियाचं नाव कोणी काढत नाही. आणि तिथे तर आपली माणसं होती, त्यातला सगळ्यात मोठ्या जबाबदारीवरचा एक अधिकारी कोल्हापूरकडचा मराठी माणूस. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

देश आधी एकच होता, १९१० पासून जपानच्या ताब्यात. ऑगस्ट १९४५ मधे जपान हरणार हे दिसायला लागलं, रशियाचं सैन्य उत्तरेकडून आत शिरत होतं, तेव्हा वॉशिंग्टनमधे डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील हे दोन अमेरिकन कर्नल रात्री एका मासिकाचा नकाशा घेऊन बसले आणि ३८ व्या अक्षांशावर रेघ ठरवून मोकळे झाले. राजधानी सोल आपल्या बाजूला यायला हवी, एवढंच बघितलं. ती रेघ कोणाच्या शेतातून जाते, कुठल्या गावाचे दोन तुकडे करते, हे एकाही कोरियन माणसाला विचारलं नाही. खरं तर ती तात्पुरती होती, जपान्यांची शस्त्रं कोणी कुठे जमा करून घ्यायची यासाठी. पण १९४८ मधे तिच्या दोन्ही बाजूंना दोन सरकारं उभी राहिली, दक्षिणेत सिंगमन री, उत्तरेत किम इल सुंग, आणि दोघांचंही म्हणणं की अख्खा देश माझा.

२५ जून १९५० ला उत्तरेने हल्ला केला. तीन दिवसांत सोल पडलं, आणि पळताना दक्षिणेच्याच सैन्याने हान नदीवरचा पूल उडवून दिला, पुलावर माणसं असताना. पुढे सप्टेंबरमधे दक्षिणेच्या मदतीला आलेलं अमेरिकन सैन्य सोलजवळच्या इंचॉन बंदरात उतरलं, सोल परत घेतलं, उत्तरेत घुसलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी आपले तिथले राजदूत सरदार पणिक्करांना मध्यरात्री बोलावून सांगितलं की अमेरिकन सैन्य ३८ वी रेघ ओलांडून आलं तर चीन उतरेल. दिल्लीने ते पुढे कळवलं, पण कोणी मनावर घेतलं नाही, आणि चीन खरंच उतरला. जानेवारी १९५१ मधे सोल पुन्हा गेलं, मार्चमधे पुन्हा आलं. नऊ महिन्यांत एक शहर चार वेळा हातातून हातात. आता त्या शहरातल्या साध्या माणसाचा विचार करा, एक फौज आली की तिला भात शिजवून द्यायचा, ती गेली की दुसरी येऊन विचारणार भात कोणी दिला होता, आणि संशयावरून माणसं गोळ्या घालून मारायची. हे दोन्ही बाजूंनी केलं. वरून बॉम्ब आणि नापाम (चिकटून जळत राहणारे आगीचे बॉम्ब), उत्तरेतली शहरं जवळजवळ सपाट झाली. एकूण मेले साधारण २५ ते ३० लाख, त्यात निम्म्याहून जास्त साधी माणसं, ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नव्हती.

आणि मला सगळ्यात जास्त छळतं ते हे की वाटाघाटी जुलै १९५१ मधेच सुरू झाल्या होत्या. तोपर्यंत आघाडी जिथे होती त्याच्या आसपासच ती शेवटपर्यंत राहिली. तरी अजून दोन वर्षं माणसं मरत राहिली, आणि अडलं होतं मुख्य म्हणजे कैद्यांवर, ज्या कैद्याला घरी परत जायचंच नाही त्याला जबरदस्तीने पाठवायचं का. नको पाठवायला, हे मलाही पटतं. पण दक्षिणेतल्या कोजे बेटावर चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांच्या ज्या छावण्या होत्या, ज्यांच्यामधे हा प्रश्न विचारत होते तिथे कैद्यांचेच दोन गट एकमेकांचे खून पाडत होते, काहींच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा जबरदस्तीने गोंदवल्या होत्या, की परत जायची सोयच उरू नये. तिथे कोणी मोकळेपणाने काय सांगणार?

शेवटी तोडगा निघाला तो भारताने यूएनमधे मांडलेल्या ठरावाच्या धर्तीवर. पाच तटस्थ देशांचं कमिशन, अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळायला भारताची साधारण सहा हजारांची फौज, तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात. सिंगमन री इतके चिडलेले की हिंदी सैनिकाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये म्हणाले, म्हणून आपल्या लोकांना इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांच्या मधल्या पट्ट्यात नेऊन सोडलं. छावणीला नाव दिलं हिंद नगर. ताब्यात घरी जायला नको म्हणणारे २२ हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी. एकदा त्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या गर्दीत शिरले आणि गोळी न चालवता त्याला बाहेर काढलं. गोळीबार केला असता तर काय झालं असतं याची कल्पनाही नको वाटते.

पद्धत अशी होती, एक तंबू, त्याला बाहेर जायची दोन दारं. कैद्याच्या देशाचे अधिकारी समोर बसून समजावणार, आई वाट बघतेय म्हणणार, मग त्याने एका दाराने गेलं की घरी, दुसऱ्या दाराने गेलं की कायमचं परकं. बहुतेक जण तर तंबूपर्यंत यायलाच तयार नव्हते. घरी जायला निघाले फक्त ६२८. उलट उत्तरेच्या ताब्यातल्या कैद्यांपैकी २१ अमेरिकन आणि एका ब्रिटिशानेही घरी जायला नकार दिला. आणि ८८ जण असे होते की त्यांना उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, ते फेब्रुवारी १९५४ मधे आपल्या फौजेबरोबर जहाजाने भारतात आले, त्यातले बरेच पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. विशी-तिशीतली पोरं, आणि सगळा गणगोत एका दारात सोडायचा.

आमच्या कॉलनीत एक सिंधी आजी होत्या, फाळणीत सगळं सोडून आलेल्या. पण त्यांना सक्खरहून जुन्या शेजारणीची पत्रं यायची, कोणाचं लग्न झालं कोण गेलं सगळं कळायचं. आपल्या फाळणीत रक्त काही कमी सांडलं नाही, तरी नंतर बरीच वर्षं पोस्ट चालू राहिलं. कोरियात तेही नाही, पत्र नाही, फोन नाही, मधे चार किलोमीटर रुंदीचा सुरुंग पेरलेला पट्टा. १९८३ मधे दक्षिणेतल्याच ताटातूट झालेल्या लोकांसाठी केबीएस या तिथल्या सरकारी वाहिनीने टीव्हीवर कार्यक्रम केला, थोडा वेळ दाखवायचा ठरलेला, तो ४५३ तास चालला, दहा हजारांवर कुटुंबं भेटली. म्हणजे एकाच देशात राहून तीस वर्षं भाऊ भावाला सापडला नव्हता. उत्तर-दक्षिण भेटी २००० पासून जरा नियमित झाल्या, त्याही लॉटरी काढून, तीन दिवसांत मिळून दहा-बारा तास, आणि मग पुन्हा बसमधे बसायचं, पुढची भेट नाही.

ऑगस्ट २०१८ नंतर तीही झालेली नाही. दक्षिणेत १ लाख ३० हजारांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली होती, त्यातले बहुतेक गेले, उरलेले बरेचसे ऐंशीच्या पुढचे आहेत. भेट जमत नसेल तर निदान तिकडे कोण जिवंत आहे कोण गेलं तेवढं कळू द्या, एक पत्र जाऊ द्या, यासाठी दोन्ही सरकारांना ना अण्वस्त्रांवर बोलावं लागतं ना सीमेवर, आणि तेवढंही होत नाहीये.