मरियेने बाळाला न्हाऊ घातलं तर?

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर्गात स्मरणचित्राला ‘नाताळ’ हा विषय देतो आणि माझ्या टेबलावर बर्फ साचतो. वसईची पोरं. घरामागे केळी, दारात सोनचाफा, आणि कागदावर पांढऱ्या टेकड्या, धुराडी, हरणांची गाडी! स्मरणातून काढा म्हटल्यावर मुलांना जे आठवतं ते ग्रीटिंग कार्ड. मुलांवर रागावून काय उपयोग? नाताळला चर्चमध्ये येशूजन्माचा जो गोठा मांडतात, त्यातही आम्ही वर्षानुवर्षं कापूसच पसरत आलो.

मला बरेचजण विचारतात, तुम्ही चर्चला जाणारा माणूस, चित्रं काढताना अडकल्यासारखं होत नाही का? उत्तरं आधीच ठरलेली असल्यावर नवीन काय काढणार? प्रश्न चुकीचा नाही. धार्मिक कॅलेंडरं पाहिली की मलाही तसंच वाटतं. पण माझा अनुभव वेगळा आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी एक अतिशय अवघड गोष्ट बसली आहे: देवाने देह घेतला. आठव्या शतकात पवित्र प्रतिमा फोडण्याची लाट आली, तेव्हा दमास्कसचे संत योहान हेच धरून बसले होते. अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे कबूल, पण जो दिसला, ज्याला लोकांनी हात लावला, त्याचं का काढू नये? ७८७ साली नायसियाच्या परिषदेने प्रतिमांच्या बाजूने कौल दिला. एकदा देह म्हटला की चित्रकाराची सुटका नाही. रंग कोणता, कपडा कोणता, मांडी कशी घातली, सगळं ठरवावंच लागतं. बर्फ काढला तरी तेही ठरवणंच झालं, फक्त दुसऱ्या कुणीतरी केलेलं.

हे ठरवण्याची किंमत चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी मोजली. जन्म १९०२ चा, गोव्यातल्या सांत इस्तेव्हचा. मुंबईत डॉक्टरकीचा अभ्यास सोडून ते जे. जे. कलाशाळेत गेले. तिथलं पाश्चात्त्य वळणही पटेना, तेव्हा बंगाल गाठला आणि अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. गोव्यात परत येऊन मरियेला साडी नेसवली आणि गहजब झाला. पोर्तुगीज अमदानीतल्या त्या गोव्यात देवमाता आपल्यातल्याच बाईसारखी दिसणं लोकांना सोसेना. शेवटी ते पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. माणूस कॅथलिक, आश्रम अँग्लिकन! १९६७ साली वारले. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आज त्यांची पुष्कळ चित्रं आहेत.

फोन्सेकांचं नाव घेऊन जे ‘भारतीय’ ख्रिस्ती चित्र म्हणून खपवलं जातं, त्यातलं बरंचसं मला आवडत नाही, हेही सांगून टाकतो. चेहरा इटालियन, नजर इटालियन, वर साडी आणि कपाळाला टिकली. हे वेषांतर झालं. फोन्सेकांनी रेघच बदलली होती. वॉशची पद्धत बघा. जलरंगाचा हात द्यायचा, सुकू द्यायचा, मग अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. वरवरचा रंग धुऊन जातो, मुरलेला तेवढा राहतो. पुन्हा हात, पुन्हा पाणी. कलकत्त्याच्या चित्रकारांनी हे तंत्र तिथे आलेल्या जपानी चित्रकारांकडून उचललं आणि गोव्याच्या या माणसाने त्यात मरिया रंगवली.

तर आमचा गोठा. युवक मंडळाच्या पोरांना मरियेला आमच्या वसईतल्या कुपारी समाजाच्या बायकांसारखं लाल लुगडं नेसवायचं होतं. प्लास्टरच्या तयार मूर्तीवर ते नेसवून पाहिलं, तर शाळेच्या गॅदरिंगमधली फॅन्सी ड्रेस स्पर्धा वाटली. गुडघे टेकून हात जोडलेल्या बाईला लुगडं बसतच नाही. मग मी शाडू मागवला आणि बसणीपासून सुरुवात केली. आपल्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बाई कशी बसते? जमिनीला टेकून, पाय लांब पसरून, बाळ दोन्ही नडग्यांवर. शेजारी तपेलं, तेलाची वाटी. मरिया तशीच बसवली.

फादरांनी मूर्ती ओली असतानाच पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “सर, माझी हरकत नाही. पण मिस्सानंतर तुम्ही स्वतः गोठ्यापाशी उभं राहायचं. लोक विचारतील त्याला उत्तर तुम्ही द्या.”

लोकांनी विचारलंच. शेजारच्या आळीतल्या एक आजी तर थेट अंगावर आल्या. “देवाच्या लेकराला न्हाऊ काय घालतोस रे? तिचे हात जोड आधी.”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. हात जोडून गुडघ्यांवर बसलेली मरिया बायबलातल्या शुभवर्तमानात नाही. ती चित्रांत रुळली मुख्यतः चौदाव्या शतकात, स्वीडनच्या संत ब्रिजितांना झालेल्या दर्शनानंतर. त्याच्या कितीतरी आधीपासून पूर्वेकडच्या चर्चच्या प्रतिमांत मरिया बाळंतिणीसारखी आडवी आहे आणि खाली कोपऱ्यात दोन सुइणी बाळाला न्हाऊ घालताहेत. म्हणजे मी नवीन काहीच केलेलं नव्हतं. आजींना मी हे सांगितलं. ब्रिजिताबाईंमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. त्या वाकून मूर्ती बघत होत्या.

“मानेखाली हात कुठाय?” त्या म्हणाल्या. “असं धरलं तर पोर घसरेल.”

बघता बघता चार-पाच बायका जमल्या. बाळ पालथं हवं की उताणं, यावर वाद झाला. एकीने तेलाची वाटी उजवीकडे सरकवली. एकीला तपेल्याला वाफ नाही हे खटकलं, पाणी गार असेल तर पोराला बाधेल. शाडू अजून पुरता वाळला नव्हता, म्हणून मी त्यांच्यासमोरच डावा हात मोडला आणि बाळाच्या मानेखाली नेऊन पुन्हा जोडला. मरियेला लुगडं का, हे त्यानंतर कुणी विचारलं नाही. मला जे. जे.त परीक्षकांनी इतकं बारकाईने तपासलं नव्हतं, आणि त्यांच्यातल्या कुणी माझ्या मूर्तीपुढे मेणबत्तीही लावली नव्हती. इथे मघाशी बोट दाखवणारी बाईच पर्स उघडून मेणबत्ती शोधत होती.

यंदाचा प्रश्न योसेफाचा, म्हणजे मरियेच्या नवऱ्याचा आहे. एरवी तो काठी घेऊन मागे उभा असतो, पाहुण्यासारखा. बायकांचं म्हणणं, पाणी काय आपोआप तापलं? त्यामुळे त्याला तीन दगडांच्या चुलीपाशी उकिडवा बसवतो आहे, फुंकणी हातात देऊन. चुलीत लाल बल्ब लावायचा की नाही, यावर मंडळात दोन तट पडलेत. मी बल्बच्या विरोधात आहे. गेरू आणि राख द्या, विस्तव मी रंगवून दाखवतो.