महापौरांनी आधी जमिनीखालचं बघावं

गेल्या आठवड्यात माहेरी गेले होते, कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेत. आण्णा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "आता महापालिकेत सभागृह आलंय, महापौर आलाय, चेंबरचं कोण बघतंय ते बघूया." मला वाटलेलं आण्णा रस्त्याबद्दल बोलतील, पार्किंगबद्दल बोलतील, नाहीतर निवडणुकीत कोण कसं पडलं ते सांगतील. पण नाही, चेंबर, म्हणजे ड्रेनेज लाईनवरचं झाकणाचं तोंड. आणि घरी परत येताना स्कूटरवर मी तोच विचार करत आले, की हा माणूस बरोबर बोलतोय आणि हे कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे.

चेंबरचं का, ते सांगते. 2019 चा ऑगस्ट. तेव्हा मी पोरांना घेऊन माहेरीच होते. पंचगंगेचं पाणी वाढतंय हे सगळ्यांना माहीत होतं, राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला व्हॉट्सअ‍ॅपवर येत होती, 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका हे आमच्याकडं लहान पोराला पण पाठ असतं. जामदार क्लबला पाणी आलं, सुतारवाड्यातल्या लोकांना चित्रदुर्ग मठात हलवलं, हे पण दरवर्षीचंच, त्यामुळं आम्ही निवांत होतो असं नाही पण आमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी दिसेपर्यंत वेळ आहे असं धरून चाललो होतो. आणि रात्री दीडच्या सुमाराला आई मोरीकडं गेली आणि ओरडली. मोरीतनं पाणी वर येत होतं. नदी अजून गल्लीत नव्हती, रस्ता कोरडा होता, पण संडासाच्या भांड्यातनं, मोरीतनं, दारातल्या चेंबरमधनं काळं पाणी बुडबुडे काढत वर यायला लागलं. नदी दारातनं यायच्या आधी ड्रेनेजमधनं घरात आली. आम्ही गाद्या वर टाकल्या, धान्याचे डबे माळ्यावर सरकवले आणि पहाटे राजारामपुरीत मावशीकडं निघून गेलो. त्या वर्षी बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आठ-दहा दिवसांनी परत आलो तेव्हा जो वास होता तो नदीच्या गाळाचा नव्हता. नदीच्या गाळाचा वास मला माहीत आहे, तो असा नसतो.

आण्णांनी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढून तारीख घातली. 2021 ची पण रेघ आहे. 2005 ची रेघ जुनी भिंत पाडली तेव्हा गेली, त्याची आण्णांना अजून हळहळ वाटते.

तर शहराच्या कारभाऱ्यानं कुठनं सुरुवात करावी असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, जमिनीखालनं. जे फोटोत येत नाही, ज्याचं उद्घाटन करायला फीत लावता येत नाही, तिथनं. पहिला नंबर जयंती नाल्याचा. म्हातारी माणसं त्याला जयंती नदीच म्हणायची, कात्यायनी-कळंब्याच्या बाजूनं येऊन पार शहराच्या मधनं, हुतात्मा पार्क, लक्ष्मीपुरी, दसरा चौक असं करत पंचगंगेला मिळणारी. आता दसरा चौकाच्या पुलावरनं जाताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि गाडी पळवतो. हे पाणी अडवून, पंप करून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यायची सोय आहे, ते केंद्र 76 एमएलडीचं, म्हणजे रोज 76 दशलक्ष लिटरचं आहे, दुधाळीला 17 एमएलडीचं दुसरं आहे, म्हणजे काहीच झालं नाही असं म्हणणं चुकीचं होईल. पण पाऊस जोराचा आला की नाल्याचं पाणी बंधाऱ्यावरनं उडी मारून सरळ नदीत जातं, लाईट गेली आणि पंप बंद पडला तरी तेच, आणि ज्या उपनगरांत अजून ड्रेनेज लाईनच नाही तिथलं सांडपाणी तर कुठल्या ना कुठल्या ओढ्यानंच वाहतंय. मग उन्हाळ्यात नदीत केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं, मासे मरतात, चार दिवस बातम्या, पंचनामा, नोटीस, आणि मग पाऊस येतो आणि सगळं धुवून खाली नेतो. खाली म्हणजे कुठं? इचलकरंजीला, शिरोळला. 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा दूषित पाण्यानं माणसं गेली. माझी आतेबहीण तिकडं दिलीय, तिच्या घरात तेव्हा दोघं आजारी होते. आपण इथं फ्लश ओढतो आणि ते कुणाच्या तरी हंड्यात जातं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

आता कुणी म्हणेल, महापौराच्या हातात काय असतं, सह्या तर आयुक्तांच्या. ते खरं आहे. आपल्याकडच्या कायद्यात कारभार चालवायचा अधिकार आयुक्तांकडं, पैशाच्या मंजुऱ्या स्थायी समितीकडं, आणि महापौर म्हणजे सभागृहाचा अध्यक्ष, तो पण अडीच वर्षांसाठी. आणि कोल्हापुरात ती अडीच वर्षं पण आपण कधी सुखानं पुरी होऊ दिली नाहीत, पद वाटून घ्यायचं, काही महिन्यांत राजीनामा, पुन्हा नवा सत्कार, नवे फलक. मला हे मनापासून सांगायचंय की हे बंद करा. ज्याला काम समजून घ्यायलाच सहा महिने लागतात त्याला सातव्या महिन्यात खुर्ची सोडायला लावायची, म्हणजे ड्रेनेजचा नकाशा तरी त्यानं कधी उघडायचा? नोव्हेंबर 2020 ला जुन्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते, जानेवारी 2026 ला कुठं मतदान झालं. पाच वर्षं आपल्याला गल्लीतली तक्रार घेऊन जायला हक्काचा माणूसच नव्हता. आता 20 प्रभाग, 81 जागा आणि एक सोडला तर प्रत्येक प्रभागात चार-चार नगरसेवक, म्हणजे माणसं भरपूर झालीत पण तुंबलेलं चेंबर नेमकं कुणाचं हे चौघांनी आधी आपापसात ठरवून लोकांना सांगितलं पाहिजे, नाहीतर प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवणार आणि मुकादम बिचारा चौघांचे फोन घेत बसणार.

महापौर सही करत नसेल पण सभेत कुठला विषय आधी घ्यायचा, कुठल्या विषयावर अधिकाऱ्याला उभं करून उत्तर मागायचं, हे तर त्याच्या हातात आहे. दर महिन्याच्या सभेत पहिला विषय सांडपाण्याचा ठेवा. किती लाईन टाकली, किती घरं जोडली, नाला कुठल्या तारखांना नदीत गेला. एवढं जरी लोकांसमोर वाचलं गेलं तरी मला वाटतं दोन वर्षांत फरक दिसेल.

पाण्याचं पण तसंच. थेट पाईपलाईनसाठी या शहरानं किती वर्षं मोर्चे काढले ते आपल्याला माहीतच आहे. काळम्मावाडी धरणापासून सुमारे 53 किलोमीटर पाईप टाकून 2023 च्या दिवाळीत पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला पाणी आलं तेव्हा आमच्या आईनं कळशीला हळदकुंकू लावलेलं, मी काही हसले नाही, मला पण भरून आलं होतं. एका पिढीचं मागणं पुरं झालं ते. पण धरणातनं पाणी आलं म्हणजे नळाला आलं असं नसतं ना! धरणापाशी लाईट गेली, पंप बिघडला, वाटेत कुठं गळती लागली की निम्मं शहर टँकरच्या मागं पळतं, आणि शहरातल्या जुन्या गंजलेल्या लाईनी तशाच असल्या तर 53 किलोमीटर आलेलं पाणी शेवटच्या दोन गल्ल्यांत मुरून जातं. म्हणून शिंगणापूर, बालिंगा इथली जुनी उपसा केंद्रं मोडीत न काढता चालू स्थितीत ठेवणं आणि आतल्या लाईनी बदलणं ही कामं मला नव्या कुठल्याही घोषणेपेक्षा मोठी वाटतात. याला कोण टाळ्या वाजवणार नाही, माहीत आहे मला.

आता हद्दवाढ. हा विषय निघाला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात, कारण माहेर पेठेत आणि सासर हद्दीबाहेरच्या गावात, म्हणजे शहर संपल्याचं कळत पण नाही अशा ठिकाणी, पण कागदावर ग्रामपंचायत. 1972 ला नगरपालिकेची महापालिका झाली आणि तेव्हापासून हद्द एक इंच वाढलेली नाही, शहर तेवढंच, 66.82 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखाच्या आत लोकसंख्या, आणि खरं शहर मात्र पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा, उजळाईवाडी असं केव्हाच पसरलंय. हद्द वाढली नाही तर केंद्राचा-राज्याचा निधी लोकसंख्येच्या हिशेबात कमीच पडणार, हे मला पटतं. 2017 ला हद्दवाढीऐवजी 42 गावांचं प्राधिकरण करून दिलं, पण त्यानं प्रश्न सुटला असं गावातला पण कोणी म्हणत नाही आणि शहरातला पण नाही.

माझे सासरे हद्दवाढीच्या विरोधात आहेत आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. ते म्हणतात, "घरफाळा वाढणार, बांधकामाला परवानग्या वाढणार, गायरानावर आरक्षण पडणार, आणि त्याच्या बदल्यात काय? तुझ्या माहेरच्या पेठेतलं गटार बघ की आधी." आता यावर मी काय बोलू? पूर्वी जी खेडी शहरात आली त्यांच्यातल्या काही भागांत अजून रस्ता-गटाराची बोंब आहे हे ते स्वतः बघून आलेत. म्हणून मला वाटतं हद्दवाढीचा रस्ता मुंबईत मंत्रालयातनं जात नाही, तो आपल्याच उपनगरातनं जातो. शहराच्या कडेचे दोन-तीन प्रभाग निवडा, तिथं पाणी, ड्रेनेज, कचऱ्याचा टिपर रोज, दिवे, सगळं नीट करून दाखवा आणि मग शेजारच्या गावच्या लोकांना बोलवून दाखवा. माझे सासरे हट्टी आहेत पण डोळ्यानं बघितलेलं मानतात.

कचऱ्याचं वेगळं लांबण लावत नाही, लाईन बझारच्या झूम कचरा प्रकल्पाच्या आसपास राहणाऱ्यांनी ते जास्त हक्कानं सांगावं, त्यांनी ते ढीग आणि तो धूर सोसलाय.

शहर वाढतंय याचा मला आनंदच आहे. चाळीस वर्षांच्या वर वकिलांनी, लोकांनी मागितलेलं हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 ला सुरू झालं, सहा जिल्ह्यांची माणसं आता मुंबईऐवजी इथं येतात, सिंधुदुर्गातला शेतकरी तारखेला येऊन संध्याकाळी घरी जायला निघतो हे किती मोठं आहे. उजळाईवाडीला विमानतळाचं नवीन टर्मिनल झालं. शेंडा पार्कात आयटी पार्क व्हावा असं सगळे म्हणतात आणि मी पण म्हणते, कारण आमच्या गल्लीतली इंजिनिअर झालेली सगळी पोरं पुण्यात आहेत, गणपतीला येतात आणि विसर्जन झालं की जातात. पण येणाऱ्या माणसाला भाऊसिंगजी रोडवर गाडी लावायला जागा नाही, अंबाबाईच्या दर्शनाला सुट्टीच्या दिवशी आलेल्या बसेस शहरभर फिरत राहतात, आणि केएमटी, महापालिकेची बससेवा, जिच्यातनं मी कॉलेजला पासवर रोज गेले, तिची गाडी स्टॉपवर कधी येईल हे आता कोणी छातीठोकपणे सांगत नाही. केंद्राच्या योजनेतनं 100 ई-बस मंजूर आहेत. त्या आल्या की पहिल्यांदा उपनगर ते स्टँड, स्टँड ते कोर्ट, आणि शेजारच्या गावांना नियमित सोडा. बस वेळेवर आली की निम्म्या दुचाक्या आपोआप घरी राहतील, निदान माझी तरी राहील.

केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल लिहिल्याशिवाय मला हे संपवता येत नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळत होतं तेव्हा आम्ही खासबागेच्या बाजूला उभे होतो, शेजारी एक म्हातारे गृहस्थ नुसते हात जोडून उभे होते. शाहू महाराजांनी 1915 ला उभं केलेलं थिएटर, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. पुन्हा बांधतायत ते चांगलंच आहे, पण माझ्या मनात तेव्हापासून एकच आहे की शहराच्या मालकीच्या बाकीच्या इमारतींची वायरिंग, आग विझवायची सोय, छप्पर, हे कुणी बघितलंय का, आणि बघितलं असेल तर ते कागद लोकांना दाखवा. नवीन बांधायला पैसे मिळतात. जुनं सांभाळायला बजेटमध्ये ओळ शोधावी लागते.

राधानगरी धरणाचं काम महाराजांच्या काळात 1909 ला सुरू झालं, ते पुरं झालेलं बघायला महाराज नव्हते. तरी सुरू केलं. आज पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपण पंचगंगेची पातळी मोजायला लागतो. अडीच वर्षांच्या महापौराला पण हे जमेल, सगळ्या शहराची ड्रेनेज लाईन त्याच्या मुदतीत पुरी होणार नाही, पण नकाशा करून, टप्पे ठरवून, पुढच्यानं मोडू नये असा ठराव तर करता येईल. पूररेषेच्या आत नवीन भराव टाकू द्यायचा नाही हा दुसरा ठराव. निळ्या पूररेषेत भर टाकून कुणी बंगला उंच करतो तेव्हा ते पाणी कुठंतरी जाणारच, आणि ते आमच्या मोरीत येतं. आणि तिसरं, रस्ता नवीन केला की त्याच्याखालची पाण्याची, ड्रेनेजची, गॅसची, केबलची सगळी कामं आधी उरकलेली असली पाहिजेत. टोलच्या वेळी आपण रस्त्यांसाठी किती भांडलो, प्राध्यापक एन. डी. पाटलांसारखा माणूस त्या वयात रस्त्यावर बसला आणि 2016 ला टोल गेला. ज्या गावानं टोल घालवला त्याला खोदाईचं वेळापत्रक मागता येत नाही का?

मी एक काम सुरू केलंय. आमच्या पेठेत आणि आजूबाजूला पाऊस आला की पहिलं कुठलं चेंबर उचकटतं, मोरीतनं पाणी कुणाकडं वर येतं, त्याची यादी. आण्णांनी बावीस ठिकाणं सांगितली, त्यातली सोळा मी स्वतः जाऊन बघून आले, फोटो काढले. सीता कॉलनी, रमणमळा, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर इकडचं मला नीट माहीत नाही, तिकडं राहणाऱ्यांनी आपापल्या गल्लीचं लिहून पाठवा, जवळची खूण घाला, कितव्या फुटाला पाणी वर आलं ते आठवत असेल तर ते पण घाला. मृग लागायच्या आत ही यादी आमच्या प्रभागातल्या चौघांच्या आणि महापौरांच्या हातात द्यायची आहे. आण्णा सोबत येतो म्हणालेत, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय त्यांनी.